गिरणी वाढवायची आहे? मग बँकेपुढे प्रस्ताव असा मांडा

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



आज पेरणी, फवारणी, खत हे नेहमीचे विषय बाजूला ठेवू. आज बोलायचे आहे ते कागदाबद्दल. आपल्या नांदेड-लातूर भागात लहान लहान डाळ गिरण्या गावोगाव झाल्या आहेत. कुणी मिनी डाळ मिल घातली, कुणी हळदीची भुकटी करतो, कुणी लाकडी घाण्याचे तेल काढतो, कुठे बचत गटाच्या बायका मसाला कांडतात. दोन-चार वर्षे धंदा बरा चालतो. मग वाटते, आता थोडा वाढवावा. पैसे लागतात, म्हणून माणूस बँकेत जातो. तिथे साहेब म्हणतात, "प्रकल्प अहवाल आणा." आणि इथेच गाडी अडते.

मग काय होते? तालुक्याच्या ठिकाणी कोणीतरी दोन-तीन हजार रुपये घेऊन वीस पानांचा अहवाल छापून देतो. त्यात नाव तुमचे असते, पण आकडे दुसऱ्याच कुणाचे असतात. साहेबांनी विचारले, "वर्षाला बाराशे क्विंटल भरडणार म्हणता, एवढी तूर आणणार कुठून?" तर आपण अहवाल लिहिणाऱ्याकडे बघतो. प्रस्ताव तिथेच मागे पडतो. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. टाईप कुणीही करून देवो, प्रस्तावातला प्रत्येक आकडा तुमच्या तोंडून निघाला पाहिजे.

कागद कोण वाचतो?

आपण समजतो की मॅनेजर साहेब ओळखीचे झाले की काम झाले. तसे नसते. साहेबांची दोन-तीन वर्षांत बदली होते. नवे साहेब दुसऱ्या राज्यातले असू शकतात. त्यांना खरिपाची तूर जानेवारीत बाजारात येते, हेसुद्धा ठाऊक नसेल. शिवाय पुष्कळ प्रकरणे शाखेतून वरच्या कचेरीत जातात. तिथे तुम्ही नसता, तुमचा कागद असतो. तो एकटा बोलतो. म्हणून जे तुम्ही तोंडाने सांगितले असते, ते सगळे कागदावर पाहिजे, आणि अनोळखी माणसालाही समजेल असे पाहिजे.

वाचणाऱ्याच्या मनात तीनच प्रश्न असतात. आज हा माणूस काय करतो? पैसे दिले तर नेमका काय फरक पडेल? आणि बाजार पडला तर माझा हप्ता कुठून येईल? या तीन प्रश्नांना सरळ उत्तर दिले की प्रस्ताव झाला. बाकीची पाने भरतीची.

१. आज काय चालले आहे ते आधी लिहा

पुष्कळांचा प्रस्ताव असा सुरू होतो : "भारत हा शेतीप्रधान देश आहे. डाळींना मोठी मागणी आहे. तरी मला कर्ज मिळावे ही विनंती." यातून बँकेला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहून बघा :

"मी अहमदपूर तालुक्यात चार वर्षांपासून मिनी डाळ मिल चालवतो. मागच्या हंगामात ३०० क्विंटल तूर व हरभरा गिऱ्हाइकांना भरडून दिला. भरडाई क्विंटलला ६०० रुपये. वीज, तेल, मजुरी व दुरुस्ती धरून खर्च क्विंटलला ३५० रुपये. वर्षाला ७५,००० रुपये उरतात. वाळवणाला जागा अपुरी असल्याने जानेवारी ते मार्च या काळात गिऱ्हाईक परत जाते. परत गेलेल्या मालाची नोंद वहीत आहे."

बघा, सहा-सात वाक्यांत धंदा डोळ्यापुढे उभा राहिला. त्यात शेवटचे वाक्य सगळ्यांत मोलाचे आहे. गिऱ्हाईक परत जाते हे नुसते म्हणणे वेगळे आणि त्याची नोंद दाखवणे वेगळे. आजपासून एक शंभर पानी वही घाला. आलेला माल, भरडलेला माल, निघालेली डाळ, चुनी, घेतलेले पैसे आणि परत पाठवलेले गिऱ्हाईक, तारीखवार लिहा. एका हंगामाची अशी वही वीस पानी छापील अहवालापेक्षा जड भरते.

दुसरे म्हणजे पैसे खात्यावर घ्या. रोख घेतले आणि घरखर्चात गेले तर ते बँकेला दिसत नाहीत. आता फोनवरून पैसे घेणे खेड्यातही रुळले आहे. धंद्याचे खाते वेगळे काढा. बारा महिन्यांचा खातेउतारा हा तुमचा खरा साक्षीदार.

२. काय पाहिजे आणि कशासाठी

"धंदा वाढवण्यासाठी दहा लाख" असे लिहू नका. एकेक वस्तू, तिची किंमत आणि तिने कोणती अडचण सुटते हे लिहा. आपण एक नमुना मांडू. यातले आकडे समजण्यापुरते आहेत. तुम्ही आपल्या गावचे दर घाला.

चाळणी व प्रतवारी यंत्र : १,८०,००० रुपये.
वाळवणाचा सिमेंट ओटा : १,२०,००० रुपये.
शेड वाढवणे : २,००,००० रुपये.
औद्योगिक वीजजोडणी व वायरिंग : ६०,००० रुपये.
वजनकाटा व पिशवी बंद करण्याचे यंत्र : ४०,००० रुपये.
एकूण ६,००,००० रुपये.

यंत्रांची दरपत्रके दोन-तीन ठिकाणची जोडा. त्यावर विक्रेत्याचा जीएसटी नंबर हवा, कारण बँक यंत्राचे पैसे बहुधा थेट विक्रेत्याला देते. वीजजोडणीचे विसरू नका. शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणी चालवता येत नाही. महावितरणचा औद्योगिक जोडणीचा अंदाज आधी काढून घ्या. यंत्र येऊन पडले आणि वीज नाही, हप्ता मात्र सुरू झाला, अशी गत होऊ नये.

आता नीट ऐका, कारण इथे पुष्कळजण फसतात. यंत्राला पैसे मागतात, पण तुरीला मागायचे विसरतात! स्वतः तूर घेऊन डाळ विकायची म्हटले की खेळते भांडवल लागते. २०२५-२६ हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. त्या भावाने एका फेरीला ४० क्विंटल तूर घेतली तरी ३,२०,००० रुपये झाले. वरखर्चाला ३०,००० धरा. म्हणजे ३,५०,००० रुपये. एवढे पैसे हातात नसतील तर जानेवारीत, ऐन हंगामात, माणूस आडत्याकडून उचल घेतो किंवा सावकाराच्या दारात जातो. मग डाळ कुणाला आणि कोणत्या भावाने द्यायची हे आपल्या हातात राहत नाही. यंत्र बँकेचे, तूर सावकाराची, आणि राबणारे आपण! असा धंदा वाढवण्यापेक्षा आहे तो बरा.

म्हणून प्रस्तावात दोन कर्जे वेगवेगळी मागा. यंत्र-शेडसाठी मुदत कर्ज आणि मालासाठी कॅश क्रेडिट. आपल्या नमुन्यात एकूण गरज ९,५०,००० रुपये. त्यात स्वतःचे २,००,०००, मुदत कर्ज ४,५०,००० आणि कॅश क्रेडिट ३,००,०००. स्वतःचे पैसे कुठे आहेत तेही दाखवा. "सोय करू" हे उत्तर चालत नाही.

३. विकणार कुठे?

लातूरची बाजार समिती तुरीची आणि सोयाबीनची मोठी पेठ. लातूर-उदगीरच्या डाळ मिल रोज ट्रकांनी माल काढतात. त्यांच्याशी भावात टक्कर घेण्याची भाषा प्रस्तावात करू नका. वाचणारा हसेल. लहान गिरणीचे बळ वेगळे असते. आपल्या शिवारातली तूर, बिनपॉलिशची डाळ आणि ओळखीचे गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक नावानिशी आणि किलोनिशी लिहा. लातुरात शिकवणीसाठी बाहेरगावची हजारो मुले येऊन राहतात. त्यांच्या मेस आणि खानावळींना रोज डाळ लागते. नांदेडलाही तसेच. अशा पाच मेसवाल्यांकडे नमुना घेऊन जा. "दर महिन्याला इतके किलो घेऊ" असे साध्या कागदावर त्यांच्या सहीने आणा. त्याला कायद्याचे बळ नसेल, पण बँकेला एवढे कळते की हा माणूस घरी बसून आकडे लिहीत नाही, बाजार फिरून आला आहे. गावातली दुकाने, आठवडी बाजार, लग्नसराई यांचाही अंदाज लिहा. मात्र उधारी किती दिवसांची राहील तेही लिहा. मेसवाला महिन्याने पैसे देणार असेल तर तुमचे भांडवल महिनाभर त्याच्याकडे अडकणार, हे धरूनच चला.

४. क्विंटलचा हिशेब

सगळा प्रस्ताव एका क्विंटलच्या हिशेबावर उभा राहतो. तो पाठ पाहिजे. आपला नमुना असा :

तूर ८,००० रुपये. हमाली, तोलाई, वाहतूक २००. भरडाईचा खर्च ३५०. पिशव्या व पॅकिंग १५०. माल पोचवणे २००. एकूण ८,९०० रुपये.

एका क्विंटलमधून ७२ किलो डाळ धरू. कुणी ८० धरायला सांगेल, पण लहान यंत्रावर, ओल कमीजास्त असताना, हात राखून धरलेले बरे. किलोला १२५ रुपयांनी ९,००० रुपये. चुनी व तुकडा २० किलो, २५ रुपयांनी ५००. एकूण ९,५०० रुपये. म्हणजे क्विंटलमागे ६०० रुपये उरले.

हंगामात आठ फेऱ्या केल्या तर ३२० क्विंटलचे १,९२,००० रुपये. ओटा झाल्याने भरडाईचे काम ३०० वरून ४५० क्विंटलवर गेले, तर क्विंटलला २५० प्रमाणे १,१२,५०० रुपये. दोन्ही मिळून ३,०४,५००. त्यातून विमा, विजेचा स्थिर आकार, देखभाल व हिशेबनीस यांचे ३६,००० आणि कॅश क्रेडिटचे व्याज २०,००० वजा करा. राहिले २,४८,५०० रुपये.

मुदत कर्ज पाच वर्षांचे आणि व्याज ११ टक्के धरले तर साडेचार लाखांचा हप्ता महिना साधारण ९,८०० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे १,१७,५००. शिल्लक हप्त्याच्या दुपटीहून थोडी जास्त आहे. बँक हेच बघते. शिल्लक हप्त्याच्या दीडपट तरी असावी, असा तिचा साधारण आग्रह असतो.

५. वाईट वर्ष लपवू नका

इथे थांबणारे प्रस्ताव पुष्कळ. पुढचा परिच्छेद लिहिणारा माणूस क्वचित, आणि विश्वास त्याच्यावरच बसतो.

वरच्या हिशेबात डाळीला किलोमागे ४ रुपये कमी मिळाले असे धरा. ३२० क्विंटलवर सुमारे ९२,००० रुपये कमी झाले. शिल्लक राहिली १,५६,०००. हप्ता जातो, घराला थोडे उरते. आता ६ रुपये कमी धरा. शिल्लक १,१०,००० वर आली. हप्ता १,१७,५०० चा. म्हणजे घरातून भर घालावी लागेल. सव्वाशेच्या भावात सहा रुपये म्हणजे काहीच नाही, पण तेवढ्यात धंदा नफ्याचा तोट्यात जातो.

आणि आपल्याकडे भाव कसे फिरतात ते आपण पाहिलेच आहे. २०१५ च्या दुष्काळात तूर डाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. २०१६ च्या एप्रिलात तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, सगळ्यांनी तूर पेरली, आणि २०१७ मध्ये बोनससह ५,०५० रुपयांचा हमीभाव असताना बाजारात त्याच्या बऱ्याच खाली तूर विकावी लागली. खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या. महाग तूर घेऊन साठवलेल्याचे अशा वर्षी काय होते, ते सांगायला नको.

म्हणून प्रस्तावात लिहा : "एका वेळी ४० क्विंटलपेक्षा जास्त तूर घेणार नाही. मागची फेरी विकल्याशिवाय पुढची घेणार नाही. भाव फार हलत असल्यास भरडाईच्या कामावर भर देईन, कारण त्यात मालाची जोखीम गिऱ्हाइकाची असते. तूर कमी आल्यास त्याच यंत्रावर हरभरा, मूग, उडीद करीन." आणि लिहिले तसे वागा.

६. अनुदानावर घर बांधू नका

२०२० साली केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली. तिच्यात चालू उद्योग वाढवण्यासाठी प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले. आपल्या राज्यात ती कृषी खात्यामार्फत राबवली गेली आणि प्रस्ताव तयार करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमल्या गेल्या. बचत गटाच्या सदस्याला बीजभांडवल म्हणून ४०,००० रुपयांपर्यंतची तरतूदही तिच्यात होती. अशा योजनांची मुदत वाढते, संपते, नियम बदलतात. म्हणून अर्जाच्या दिवशी तालुका कृषी कार्यालयात आणि जिल्हा उद्योग केंद्रात काय चालू आहे ते विचारून घ्या.

पण एक गैरसमज काढून टाका. असे अनुदान हातात रोख पडत नाही. या योजनेत ते बँकेत वेगळे ठेवायचे आणि कर्ज तीन वर्षे नीट चालले, उद्योग सुरू राहिला, तर कर्जात जमा करायचे असा नियम ठेवला गेला. तेव्हा हिशेब अनुदानाशिवाय बसला पाहिजे. अनुदान मिळाले तर दुधात साखर. ज्याचा हिशेब अनुदानाशिवाय बसत नाही, त्याने प्रस्ताव पुन्हा घरी न्यावा आणि यंत्रे कमी करावीत.

तारणाबद्दलही दोन शब्द. रिझर्व्ह बँकेने २०१० साली अशी सूचना दिली की सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये. त्यासाठी २००० सालापासून पतहमीचा न्यास आहे. तेव्हा एवढ्या कर्जासाठी जमिनीवर बोजा चढवायची घाई करू नका. नम्रपणे, पण लेखी विचारा. मात्र तारण नाही म्हणजे फेड नाही, असे नव्हे. कर्ज थकले की सिबिलमध्ये नाव लागते, आणि पुढे पोराच्या शिक्षणाच्या कर्जालाही ते आडवे येते.

७. जुने हिशेब मिटवून मगच जा

पीककर्ज थकलेले असेल, कुणाला जामीन राहिला असाल, तर ते बँकेच्या पडद्यावर दिसते. २०१७ च्या आणि २०१९ च्या कर्जमाफीत ज्यांची खाती बसली, त्यांनी बँकेकडून बेबाकीचा दाखला घेतलेला असावा. नसेल तर आधी तो घ्या. वर्षातून एकदा सिबिलचा अहवाल फुकट बघता येतो. चूक असेल तर अर्ज करून दुरुस्त करून घ्या. साहेबांनी विचारण्याआधी आपणच सांगितलेले बरे : "२०१८ मध्ये हप्ता थकला होता, कारण हे, फेडला या तारखेला." खरे सांगितल्याने प्रस्ताव सहसा पडत नाही. लपवल्याने मात्र हमखास पडतो.

जाण्यापूर्वी एवढे जमवा

• पहिल्या पानावर अर्ध्या पानाचा सारांश : आज काय, काय पाहिजे, काय वाढेल, हप्ता कुठून.
• आधार, पॅन, उद्यम नोंदणी. ही नोंदणी फुकट होते. कुणाला पैसे देऊ नका.
• अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना.
• जागेचा उतारा, भाड्याची असल्यास करार, ग्रामपंचायतीचा दाखला.
• बारा महिन्यांचा खातेउतारा, हंगामाची वही, वीजबिले.
• यंत्रांची दरपत्रके, शेडचा अंदाज, महावितरणचा अंदाज.
• गिऱ्हाइकांची पत्रे.
• क्विंटलचा हिशेब आणि वाईट वर्षाचा हिशेब.
• अर्जाची पोच. तारीख आणि शिक्क्यासह घ्या. नकार आला तर कारण लेखी मागा. तेच कारण पुढच्या प्रस्तावात दुरुस्त करता येते.

आणि एक काम बँकेत जाण्याच्या आदल्या रात्री करा. सगळा प्रस्ताव घरात मोठ्याने वाचून दाखवा. मालकिणीला ऐकवा, म्हाताऱ्या आईवडिलांना ऐकवा. कर्जाच्या कागदावर सही एकाची असली तरी हप्ता सगळ्या घराच्या ताटातून जातो. चुनीचा भाव किती, पावसाळ्यात तूर वाळवणार कुठे, मजूर लग्नसराईत येतील का, हे प्रश्न घरातली बाई साहेबांपेक्षा नेमके विचारते. तिला पटेल असे उत्तर सापडले तर ते प्रस्तावात लिहा. सापडले नाही, तर यंदा थांबा, वही चालू ठेवा, आणि पुढच्या वर्षी जा. गिरणी वर्षभर उशिरा वाढली म्हणून कुणाचे घर बुडत नाही. न झेपणाऱ्या हप्त्याने मात्र बुडते.

तुमच्या गिरण्या चालोत, तूर आपल्याच गावात भरडली जावो.